कोकणातली माती तपासून तुकड्यानुसार खत देणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत भात, आंबा, काजू, नारळ करणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खतांच्या शिफारशी हेक्टरी असतात आणि आपली शेतं गुंठ्यांत. हेक्टरी किलोच्या आकड्याला १०० ने भागलं की गुंठ्याचा आकडा मिळतो. फरक एका टक्क्याहून थोडा जास्त पडतो, तो सोडून द्या.

तुकड्यानुसार खत म्हणजे नेमकं काय? त्याला जीपीएसवाला ट्रॅक्टर लागतो का?

सपाट प्रदेशात शेकडो एकरांचं एक शेत असतं. तिथे चौकोन पाडून माती तपासतात, त्यावरून नकाशा करतात आणि खत पसरवणारं यंत्र चालता चालता जागेनुसार मात्रा कमी-जास्त करतं. यंत्राची गरज एवढ्यासाठीच, की माती कुठे बदलते हे तिथे डोळ्यांना दिसत नाही.

कोकणात ती दिसते. वर कातळाचा सडा, खाली उताराची वरकस, मग पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, तळाला पाणथळ आणि खाडीकडे खार. बांध पिढ्यान्‌पिढ्या घातलेले आहेत आणि बहुतेक ठिकाणी ते माती किंवा पाणी बदलतं तिथेच पडले आहेत. म्हणजे नकाशा तयारच आहे. त्या नकाशाच्या प्रत्येक भागात माती वेगळी तपासायची आणि खत वेगळं मोजायचं. त्यासाठी वजनकाटा, डबा आणि वही पुरते.

मृदा आरोग्य पत्रिका मिळाली आहे. तिच्यावरून खत दिलं तर चालेल?

दिशा कळेल, मात्रा ठरवता येणार नाही. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या आणि बागायतीत २.५ हेक्टरच्या चौकोनातून एक नमुना, अशी पद्धत ठेवलेली होती. कोकणातल्या १० हेक्टरात सडा, वरकस, खाचर आणि वहाळाकाठ हे सगळं येऊ शकतं. तुमच्या पत्रिकेतला नमुना कदाचित शेजाऱ्याच्या काजूतला असेल. पत्रिका जपून ठेवा, पण खताचा हिशेब स्वतःच्या नमुन्यावर करा.

किती नमुने काढायचे? प्रत्येक खाचराचा वेगळा?

गरज नाही. जी खाचरं एका पातळीवर आहेत, ज्यांची माती एका रंगाची आहे, ज्यांत पाणी सारखंच टिकतं आणि ज्यांना आजवर खत सारखंच मिळालं, त्यांचा मिळून एक नमुना. यातलं एक जरी वेगळं असलं तरी नमुना वेगळा.

एका सर्व्हे नंबरात साधारण तीन गट पडतात: डोंगराकडची खाचरं, जिथे पाऊस थांबला की पाणी दोन दिवसांत आटतं, मधली, आणि तळाची, जिथे नोव्हेंबरपर्यंत ओल असते. घराजवळच्या खाचराचा गट वेगळा धरा. गोठ्याचं पाणी, राख, केरकचरा वर्षानुवर्षं तिथेच जात असतो, त्यामुळे त्याचा अहवाल बाकीच्यांशी क्वचितच जुळतो. भाऊबंदांत हिस्से पडलेले असतील तर कागदावरच्या हद्दी सोडा आणि मातीच्या हद्दीप्रमाणे चला. दोन भावांनी मिळून एक नमुना दिला तर खर्चही अर्धा होतो.

नमुना कधी घ्यावा?

भाताच्या जमिनीचा एप्रिल किंवा मेमध्ये, वाल-चवळी निघाल्यावर आणि पहिल्या पावसाच्या आधी. अहवाल लावणीपूर्वी हातात यायला हवा, म्हणून मेअखेरीपर्यंत थांबू नका. आंब्याच्या बागेत फळं उतरल्यावर, जूनचं खत देण्याच्या आधी. कोणत्याही पिकात रासायनिक खत दिल्यापासून दोन-तीन महिने नमुना घेऊ नये.

नमुना घेण्याची नीट पद्धत सांगा.

गटामध्ये नागमोडी चालत ८ ते १० जागा ठरवा. प्रत्येक जागी वरचा पालापाचोळा आणि धसकटं बाजूला करा, माती खरवडू नका. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा १५ ते २० सेंमी खोल खड्डा करा. त्यातली माती बाहेर टाका आणि खड्ड्याच्या एका बाजूचा वरपासून तळापर्यंत दोन बोटं जाडीचा थर कापून घ्या. थर वर जाड आणि खाली निमुळता आला तर नमुना वरच्या मातीकडे झुकतो आणि अहवालात कर्ब व पालाश खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. ही चूक फार होते.

सगळ्या जागांची माती स्वच्छ कापडावर एकत्र करा, ढेकळं फोडा, खडे काढा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. उरलेलं पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. माती ओली असेल तर सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीपाशी नको.

सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजका कोयता, लोखंडी फावडं, जस्ताचं घमेलं वापरू नका. लाकडी किंवा प्लॅस्टिकचं साधन घ्या, नाहीतर तुमच्या जमिनीऐवजी घमेल्यातलं जस्त मोजलं जाईल. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना कधीच भरू नये, कितीही धुतलेली असली तरी.

कुठून घेऊ नये?

बांधालगत, झाडाखाली, शेणखताचा ढीग होता तिथून, गुरं बांधतात तिथून, पाणी शिरतं त्या तोंडापाशी. आणि राब भाजलेल्या जागेतून मुळीच नको. रोपवाटिकेसाठी पालापाचोळा, शेण जाळलेल्या जागी राखेमुळे पालाश आणि पीएच (माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा) दोन्ही वर गेलेले असतात. अशा जागेतली दोन ओंजळी माती मिसळली तरी सगळ्या गटाचा पालाश फुगून दिसतो आणि जिथे खरी कमतरता आहे तिथे तुम्ही पोटॅश टाकायचं थांबता.

आंबा-काजूच्या बागेतला नमुना कसा?

झाडाच्या विस्ताराखाली, जिथे खत देता त्या वर्तुळातून. झाडांच्या मधल्या रिकाम्या जागेतली माती झाड खात नाही. खोली दोन टप्प्यांत घ्या: ० ते ३० सेंमी आणि ३० ते ६० सेंमी, वेगवेगळ्या पिशव्यांत. ५–६ झाडांखालची माती मिळून एक नमुना, पण ती झाडं एका वयाची आणि एकाच उतारावरची हवीत.

कातळ फोडून, बाहेरची माती भरून लावलेली बाग असेल तर प्रश्न वेगळा आहे. तिथे प्रत्येक खड्डा म्हणजे एक स्वतंत्र कुंडीच असते. भरावाची माती दोन-तीन ठिकाणांहून आणलेली असेल तर ती कुठून कुठपर्यंत वापरली हे आठवून गट पाडा. शेजारशेजारच्या दोन ओळींत एक हिरवीगार आणि एक पिवळट दिसते त्याचं कारण अनेकदा हेच असतं, आणि अशा बागेत सरसकट मात्रा म्हणजे निम्म्या झाडांना जास्त, निम्म्यांना कमी.

बागेत मातीबरोबर पानंही तपासली तर चित्र पूर्ण होतं. आंब्याची ४ ते ७ महिने वयाची, फांदीच्या मधली, निरोगी पानं देठासकट घ्यायची. माती सांगते भांडारात काय आहे, पान सांगतं त्यातलं झाडापर्यंत किती पोचलं.

पिशवीसोबतच्या चिठ्ठीत काय लिहायचं?

नाव, गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, खोली, तारीख, मागचं पीक, येणारं पीक, दिलेलं खत, पाणी कुठलं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. वहीत त्या गटाचं नाव घरातल्यांना कळेल असं ठेवा, ‘वडाखालचं’, ‘व्हाळाकडचं’. तीन वर्षांनी ‘नमुना २’ म्हणजे कोणता हे कुणालाच आठवत नाही.

नमुना जिल्ह्याच्या शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत, कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात देता येतो. गावच्या कृषी सहायकामार्फतही जातो.

अहवालात पीएच ५.४ आलाय. चुना टाकायचा का?

पीक कोणतं, यावर उत्तर अवलंबून आहे. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धुऊन जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहतात. जांभी जमीन आम्ल होते ती त्यामुळे. पण भातखाचरात पाणी तुंबलं की दोन-तीन आठवड्यांत तिचा पीएच आपोआप उदासीनाकडे सरकतो. म्हणून खरिपातल्या पाणी साठलेल्या भातासाठी ५.४ ला बहुतेक वेळा चुन्याची गरज नसते. त्याच खाचरात पाणी ओसरल्यावर पीएच परत खाली येतो, आणि मग वाल, चवळी, भुईमूग, भाजीपाला घेतला तर आम्लता नडते. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी नीट धरत नाहीत.

तेव्हा चुना रब्बीच्या पिकासाठी आणि वरकस जमिनीसाठी. पूर्ण आम्लता मोडायला टनांनी चुना लागतो, तो परवडत नाही आणि पुढच्या पावसांत पुन्हा धुपतो. त्यापेक्षा पेरणीच्या सरीत हेक्टरी २०० ते ४०० किलो, म्हणजे गुंठ्याला २ ते ४ किलो चुनखडीची बारीक पूड दरवर्षी देणं शहाणपणाचं. मॅग्नेशियम कमी असेल, आणि नारळात ते बरेचदा असतं, तर चुन्याऐवजी डोलोमाइट. नारळाला झाडामागे साधारण १ किलो. शिंपल्यांचा चुना किनाऱ्यावर सहज मिळतो, पण भट्टीतून आलेला ताजा कळीचा चुना मुळांजवळ टाकू नका, मुळं भाजतात.

चुना आणि युरिया किंवा डीएपी एकाच दिवशी कधीही नाही. अमोनिया उडून जातो आणि स्फुरद चुन्याशी बांधला जातो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

दोन प्रयोगशाळांनी एकाच मातीचा स्फुरद वेगवेगळा सांगितला. खोटं कोण?

बहुधा कुणीच नाही. स्फुरद काढण्याच्या दोन पद्धती चालतात. ओल्सन पद्धत उदासीन आणि विम्ल जमिनींसाठी, ब्रे पद्धत आम्ल जमिनींसाठी. पीएच ६.५ च्या खाली असेल तर ब्रेने तपासून मागा आणि अहवालावर पद्धत लिहून घ्या. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या ‘कमी-मध्यम-जास्त’ तक्त्यात बसवला की सगळाच हिशेब चुकतो. दुसरं, काही अहवालांत स्फुरद मूलद्रव्य म्हणून असतो आणि काहींत खताच्या गोणीवर असतो तसा ऑक्साइड म्हणून. दुसरा आकडा पहिल्याच्या २.२९ पट असतो.

स्फुरद कमीच येतो दरवर्षी, सुपर फॉस्फेट टाकूनही. का?

जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम त्याला पकडून ठेवतात. फोकून टाकलेलं सुपर फॉस्फेट मातीच्या जास्तीत जास्त कणांना भिडतं, म्हणून जास्तीत जास्त अडकतं. उपाय तीन: ओळीत किंवा वर्तुळात एका जागी द्या, शेणखतात मिसळून द्या, आणि बागेत, पीएच ५.५ च्या खाली असेल तर, काही भाग रॉक फॉस्फेटच्या रूपाने द्या. ते आम्ल मातीत हळूहळू विरघळत राहतं. पण ज्या वर्षी चुना टाकला त्या वर्षी रॉक फॉस्फेट वाया जातं.

भाताच्या बाबतीत एवढं काळजीत पडू नका. पाणी तुंबल्यावर लोहाने पकडलेल्या स्फुरदापैकी काही सुटा होतो. त्यामुळे त्याच खाचरात भात स्फुरदावाचून अडत नाही आणि मागचा वाल मात्र अडतो. हात राखून द्यायचा असेल तर भाताला राखा, वालाला नको.

सेंद्रिय कर्ब ‘अत्यंत जास्त’ आलाय. मग नत्र निम्म्यावर आणू?

नका आणू. काही ठिकाणी उपलब्ध नत्र थेट मोजला जात नाही, कर्बाच्या आकड्यावरून अंदाजला जातो. कोकणातल्या झाडोऱ्याखालच्या मातीत कर्ब भरपूर असतो, पण आम्लता आणि पाण्यामुळे तो हळू कुजतो, आणि त्यातून सुटलेला नत्र जुलैच्या पावसात टिकत नाही. कर्ब जास्त असेल तर नत्र १० ते २५ टक्क्यांपर्यंत कमी करून पाहा आणि बाकीचं पिकाच्या पानावरून ठरवा. ते पुढे येतं आहे.

अहवालातल्या वर्गावरून मात्रा कशी ठरवायची?

महाराष्ट्रात सहा वर्ग वापरतात. शिफारशीची मात्रा अशी बदलायची:

अत्यंत कमी – ५० टक्के वाढवा
कमी – २५ टक्के वाढवा
मध्यम – शिफारशीइतकीच
थोडे जास्त – १० टक्के कमी
जास्त – २५ टक्के कमी
अत्यंत जास्त – ५० टक्के कमी

सुधारित भातवाणांसाठी कोकणात हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. आता एक उदाहरण घ्या. वरची ६ गुंठे: नत्र कमी, स्फुरद अत्यंत कमी, पालाश कमी. खालची १० गुंठे: नत्र मध्यम, स्फुरद मध्यम, पालाश थोडा जास्त.

वरच्यांना हेक्टरी १२५ : ७५ : ६२.५ पडतात. १ किलो नत्राला २.१७ किलो युरिया, १ किलो स्फुरदाला ६.२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो पालाशाला १.६७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागतं. म्हणजे गुंठ्याला युरिया २.७ किलो, सुपर ४.७ किलो, पोटॅश १ किलोहून किंचित जास्त. ६ गुंठ्यांना युरिया १६.३, सुपर २८, पोटॅश ६.२५ किलो.

खालच्यांना १०० : ५० : ४५. गुंठ्याला युरिया २.१७, सुपर ३.१, पोटॅश ०.७५ किलो. १० गुंठ्यांना युरिया २१.७, सुपर ३१, पोटॅश ७.५ किलो.

म्हणजे खत वाचलंच नाही की!

बरोबर पकडलंत. सरसकट दिलं असतं तर १६ गुंठ्यांना युरिया ३५, सुपर ५०, पोटॅश १३.३ किलो लागलं असतं. वरच्या हिशेबात युरिया ३८, सुपर ५९, पोटॅश पावणेचौदा किलो. माती तपासली की खताचा खर्च हमखास घटतो असं जे सांगतात, त्यांनी कोकणातला अहवाल पाहिलेला नसावा. इथे फायदा वेगळीकडे आहे: वरच्या खाचरांचं उत्पन्न ज्या घटकापायी अडलं होतं तो त्यांना मिळतो, आणि खालच्या खाचरांत जादा नत्राने भात लोळणं, करपा येणं कमी होतं. बचत दिसते ती घराजवळच्या खाचरात आणि खारीत, पालाशाच्या गोणीवर.

एवढं ग्रॅममध्ये मोजून कोण टाकणार?

एकदा काट्यावर मोजायचं, मग डब्याने. प्रत्येक खताचा डबा वेगळा, कारण एकाच डब्यात युरिया कमी वजनाचा बसतो आणि सुपर किंवा पोटॅश बरंच जास्त. लिटरभर युरिया पाऊण किलोच्या आसपास भरतो. तुमच्या डब्यात किती, ते स्वतः तोलून डब्यावर रंगाने रेघ मारा. ‘वरची: गुंठ्याला इतके डबे’ असं गोठ्याच्या भिंतीवर लिहिलं तरी चालतं.

खाचराचं क्षेत्र मात्र नीट मोजा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र बांधासकट असतं आणि पायऱ्यांच्या शेतीत बांध बरीच जागा खातात. मोबाइलवर कडेने चालत मोजण्याची ॲपं छोट्या खाचराला फसवतात, झाडांखाली तर जास्तच. टेप धरा.

युरिया आणि सुपर आदल्या दिवशी मिसळून ठेवू नका. जूनच्या दमट हवेत रात्रीत लगदा होतो आणि मुठीने फेकला की एका जागी गोळा पडतो.

खत टाकलं आणि रात्री पाऊस कोसळला. सगळं गेलं का?

सुपर फॉस्फेटचं फारसं जात नाही. युरिया बांधावरून वाहिला असेल तर गेला. म्हणून नत्र तीन हप्त्यांत: लावणीला ४० टक्के, फुटव्यांच्या वेळी ४०, फुलोऱ्याच्या आधी २०. पालाशही उताराच्या हलक्या खाचरांत दोन हप्त्यांत द्या. टाकण्यापूर्वी पाणी काढून बांधाची तोंडं लिंपा, खत दिल्यावर एक-दोन दिवस पाणी बाहेर जाऊ देऊ नका.

याहून चांगला उपाय म्हणजे युरिया-डीएपीच्या ब्रिकेट म्हणजे गोळ्या. चारसूत्री लागवडीत रोपं १५ आणि २५ सेंमी अशा आलटूनपालटून अंतरावर लावतात आणि चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंमी खोल खोचतात. गुंठ्याला ६२५ गोळ्या, साधारण १.७ किलो. ६० टक्के युरिया आणि ४० टक्के डीएपीच्या गोळीतून हेक्टरी ५९ किलो नत्र आणि ३१ किलो स्फुरद जातात. नत्र शिफारशीच्या तीन पंचमांश होतो, पण चिखलात खोल असल्याने वाहत नाही आणि हवेत उडत नाही.

गोळी लहान-मोठी करता येत नाही, मग तुकड्यानुसार कसं? गोळी सगळीकडे सारखी आणि फरक सुपर व पोटॅशमध्ये करायचा. वरच्या खाचरांना चिखलणीच्या वेळी जादा सुपर, तळाच्यांना नाही. दोन ठिकाणी गोळी फसते: रेताड, पाणी मुरणाऱ्या खाचरात, जिथे नत्र खाली निघून जातो, आणि गोळी वरवर ठेवली तर, जे संध्याकाळच्या वेळी दमलेल्या हातांनी हमखास होतं.

पुढच्या हप्त्याचा नत्र पानावरून कसा ठरवायचा?

पानांच्या रंगाच्या तक्त्याने. लावणीनंतर १४ दिवसांपासून फुलोऱ्यापर्यंत दर ७–१० दिवसांनी, प्रत्येक गटात १० चूड निवडा. सर्वांत वरचं पूर्ण उघडलेलं पान न तोडता तक्त्यावर धरा, पाठ उन्हाकडे करून, म्हणजे पान तुमच्या सावलीत येईल. १० पैकी ६ किंवा अधिक पानं चार नंबरच्या पट्टीपेक्षा फिकी असतील तर गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो युरिया. नसतील तर काहीच नको. दरवेळी एकाच माणसाने आणि एकाच वेळी पाहावं. गोळ्या वापरल्या असतील तर हे फक्त खात्रीपुरतं.

पान फिकं दिसण्याचं कारण नेहमी नत्रच नसतं. तळाच्या खाचरात पाण्यावर तांबूस तवंग आणि जुन्या पानांवर तपकिरी ठिपके असतील तर विरघळलेलं लोह जास्त झालंय. तिथे युरिया देऊन उपयोग नाही. आधी पाणी काढून चार-पाच दिवस जमीन वाफसू द्या, पालाश कमी असेल तर द्या, आणि डोंगराकडून झिरपणारं पाणी चर काढून बाहेरच्या बाहेर वळवा.

कलमांना मात्रा झाडागणिक कशी बदलायची?

आंब्याला दरवर्षी वयागणिक १५० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद, १०० ग्रॅम पालाश वाढवत दहाव्या वर्षी दीड किलो, अर्धा किलो, एक किलो. म्हणजे युरिया सव्वातीन किलो, सुपर ३.१ किलो, सल्फेट ऑफ पोटॅश २ किलो, सोबत शेणखत. काजूच्या मोठ्या झाडाला नत्र १ किलो, स्फुरद आणि पालाश पाव-पाव किलो. या आकड्यांवर वरचे टक्के लावा.

मग विस्तार पाहा. खडकात अडकलेलं पंधरा वर्षांचं कलम सात वर्षांच्या कलमाएवढंच असेल तर त्याला सात वर्षांची मात्रा द्या; मुळांना जागाच तेवढी आहे. जादा दिलेलं खत पावसाबरोबर खालच्या विहिरीत जातं. ज्या झाडांना पॅक्लोब्युट्रॅझॉल (वाढ रोखून मोहोर आणणारं संजीवक) देता त्यांची मात्रा मात्र कापू नका, सतत फळं धरणारं झाड लवकर खंगतं.

खत विस्ताराच्या कडेच्या आत १५ सेंमी खोल चरात. उतारावर पूर्ण वर्तुळ नको, वरच्या अंगाला अर्धचंद्र पुरे. नत्र पावसाळ्याच्या सुरुवातीला. सप्टेंबरात नत्र दिलं की पालवी फुटते आणि मोहोर मागे पडतो.

आमची खारजमीन आहे. काय वेगळं करावं?

आधी क्षार, मग खत. ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) दोनदा मोजून घ्या: मेमध्ये, जेव्हा क्षार वर चढलेले असतात, आणि लावणीच्या आठवडाभर आधी. पद्धत विचारा. मातीच्या एक भागाला अडीच भाग पाण्यातला आकडा आणि संपृक्त अर्कातला आकडा एक नसतो. दुसरा बराच मोठा येतो आणि क्षारपड जमिनीची ४ डेसीसायमनची प्रसिद्ध मर्यादा त्याचीच आहे.

जूनचा पहिला पाऊस खाचरात साठवून, ओहोटीला उघाडीतून (खारबांधाच्या झडपेतून) सोडून द्या, दोन-तीनदा. हे झालं नाही तर कोणतीही मात्रा उपयोगाची नाही. बांध फुटका किंवा उघाडी गळकी असेल तर तपासणीचे पैसे तिच्यावर घाला. वाण खारे पाणी सोसणारा घ्या. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल १, २ आणि ३ याचसाठी आहेत.

खारीत पालाश बहुतेक वेळा ‘अत्यंत जास्त’ येतो, समुद्राच्या पाण्यातूनच. तिथली पोटॅशची गोणी उचलून वरच्या खाचरांना द्या. युरिया फोकून टाकू नका, अशा मातीत अमोनिया लवकर उडतो. जिप्सम केवळ अहवालात सोडियमचं प्रमाण जास्त आलं तरच. खारट दिसतंय म्हणून नाही.

सूक्ष्म अन्नद्रव्यांची पाकिटं घ्यावीत का?

अहवालात कमी असेल तेच घ्या. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर गुंठ्याला २०० ते २५० ग्रॅम झिंक सल्फेट, सुपर किंवा डीएपीत न मिसळता. बोरॉन ०.५ च्या खाली असेल तर बोरॅक्स, पण ते मोजूनच. कमी आणि जास्त यांतलं अंतर फार थोडं असतं. लोहाचं पाकीट जांभ्या मातीत घेऊ नका.

उपग्रहाची चित्रं, ड्रोन?

फुकट मिळणाऱ्या सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे गुंठाभर. त्यात बांध, भात आणि बांधावरचा शिवण सगळं एक होतं. शिवाय जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत. रब्बीत आणि मोठ्या आंबाबागांत मार्चच्या चित्रावरून कमजोर पट्टे शोधायला उपयोग होतो. नमुने कुठून काढायचे ते त्यावरून ठरवा. ड्रोन फवारणीला चांगला, दाणेदार खताला उतारावर आणि माडांमध्ये नाही.

फरक पडला हे कळायचं कसं?

प्रत्येक गटात एक खाचर जुन्या पद्धतीने ठेवा. कापणीला दोन्हीकडे मीटरभर चौकोन तीन ठिकाणी कापून, झोडून, वाळवून तोला. सरासरी ३५० ग्रॅम म्हणजे गुंठ्याला ३५ किलो. कडेच्या ओळी सोडा, तिथे भात नेहमीच जोमाचा असतो. एका वर्षाच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नका. सप्टेंबरचा पाऊस दाणा भरताना लागला की सगळे हिशेब फिरतात.

पुन्हा कधी तपासायचं?

दर तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत, त्याच गटांचे नमुने. खारीची ईसी दरवर्षी. चुना टाकलेल्या जागेचा पीएच दुसऱ्या वर्षीच पाहा. बाजारात मिळणारे मातीत खोचायचे स्वस्त मीटर घेऊ नका. ओल बदलली की त्यांचा पीएच बदलतो.